घरच्या सिममध्ये उभयचर टर्बोप्रॉप : चाकं, पाणी आणि पॉवर लीव्हर

पाणलोट

सिमवर, म्हणजे घरच्या संगणकावर विमान उडवण्याच्या सिम्युलेटरवर, बहुतेकांची वाट ठरलेली असते. आधी पिस्टन इंजिनाचं छोटं विमान, त्यात हात बसला की थेट जेट. मधलं एक दालन उघडायचं राहूनच जातं, ते टर्बोप्रॉप इंजिनाच्या (टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या) उभयचर विमानांचं. फ्लोटवर, म्हणजे पोटाखालच्या होडीसारख्या तरंगत्या भागांवर, बसवलेली सेस्ना कॅरव्हॅन, कोडिअ‍ॅक १००, ट्विन ऑटर. चाकं फ्लोटमध्येच दुमडलेली. धावपट्टीवरून उडा, तळ्यात उतरा, तिथून उठून पुन्हा धावपट्टीवर या. मी सध्या जवळपास हेच उडवतो आणि यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही विमानं हवेत अजिबात अवघड नाहीत. कॅरव्हॅन नीट ट्रिम केली की एका जागी बसल्यासारखी उडते. कस लागतो तो दोन ठिकाणी : पाण्याला टेकण्याआधी, आणि टेकून वेग उतरला की धक्क्याला लागेपर्यंत. नेमकं याच दोन ठिकाणी सिम आपल्या चुका पोटात घालतं. त्यामुळे शिस्त आपली आपणच लावून घ्यावी लागते.

चाकांपासून सुरुवात करू. साध्या विमानात उतरण्यापूर्वी एकच प्रश्न असतो, चाकं खाली आहेत का? उभयचरात तेवढ्याने भागत नाही. मी कशावर उतरतोय आणि त्याला चालतील अशी चाकं आहेत का, असं विचारावं लागतं. म्हणून फ्लोटच्या गिअरला दोन रंगांचे दिवे असतात. चाकं वर असली की निळे, खाली असली की हिरवे. निळा पाण्याचा, हिरवा जमिनीचा. बऱ्याच विमानांत वेग उतरला की आवाजही येतो : चाकं वर, पाण्यासाठी, किंवा चाकं खाली, धावपट्टीसाठी. यातली मेख लक्षात घ्या. ही यंत्रणा 'चुकलं' असं कधीच म्हणत नाही, कारण खाली पाणी आहे की डांबर हे तिला कळत नाही. ती फक्त चाकांची स्थिती सांगते. ताडून बघणं वैमानिकाकडे.

मी हे तीनदा मोठ्याने म्हणतो : खाली यायला लागलो की, शेवटचं वळण घेतल्यावर, आणि काठ ओलांडून पाण्यावर आल्यावर. 'खाली पाणी, चाकं वर, सगळे निळे.' म्हणताना आधी बाहेर बघायचं, मग दिव्यांकडे. उलट क्रमाने केलं की डोळे दिव्यांवरच अडकतात आणि जीभ सवयीने बोलून मोकळी होते.

दुसरं, धावपट्टीवरून उडालात की चाकं लगेच वर घ्या. तळं शेजारीच आहे, पाच मिनिटांत उतरायचंच आहे, राहू देत खाली, असा विचार मनात येतो. पाण्यावर चाकं खाली ठेवून उतरण्याचे खरे अपघात वाचलेत तर त्यातले कितीतरी याच वाटेने गेलेले दिसतात : उड्डाण जमिनीवरून, चाकं विसरली, उतरणं पाण्यात.

इंजिन आणि लीव्हर यांबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण इथे त्यातले जाणकार आहेत, ते लिहितीलच. तुम्ही कुठल्या सिममध्ये, कुठलं विमान, कसं उडवता ते जरूर सांगा.

कवडसा

छान विषय. एक प्रामाणिक शंका. माझ्याकडच्या सिममध्ये चाकं खाली ठेवून पाण्यात उतरलं तर विमान जरा जोरात थांबतं, नाक थोडं खाली जातं, बस्स. तिथून परत उडताही येतं. मग घरी बसून तीनदा म्हणण्याएवढं महत्त्व त्याला का द्यायचं?

पाणलोट

कवडसा, खऱ्या पाण्यात काय होतं ते बघा. फ्लोटचा तळ पाण्यावरून घसरत जाईल असा घडवलेला असतो. चाकं खाली असली की तीच पाण्याला अडकतात, आणि ती अडकतात विमानाच्या वजनाच्या बऱ्याच खाली. वरचं सगळं वजन पुढे निघालेलं असतं. विमान नाकावर जातं आणि उलटं होतं, तेही क्षणार्धात. आतले लोक पट्ट्यांना उलटे लटकलेले, केबिनमध्ये पाणी, दार कुठल्या बाजूला ते समजत नाही. म्हणून फ्लोट विमानांच्या वैमानिकांना पाण्याखालून बाहेर पडण्याचं वेगळं प्रशिक्षण दिलं जातं.

उलटी चूक, म्हणजे चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरणं, त्या मानाने सौम्य असते. फ्लोटची कणा-पट्टी घासते, ठिणग्या उडतात, विमान सरळ घसरत थांबतं आणि माणसं बहुधा चालत बाहेर येतात. दोन्ही चुका सारख्या नाहीत. म्हणून पाण्यावर येताना तपासणी जास्त कडक.

तुमचं सिम तुम्हाला पुढे उडू देतं हे खरं. मी असं करतो : चाकं खाली असताना पाण्याला टेकलो की उड्डाण तिथेच बंद. परत सुरुवात धावपट्टीवरून. सिमच्या सेटिंगमध्ये अपघात धरण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. घरच्या उड्डाणाची गोडी त्या विमानाच्या नियमांत आहे असं मला वाटतं. नियम काढून टाकले की उरतो तो फक्त देखावा.

गिअरबॉक्स

पाणलोटने इंजिन आमच्यावर सोडलंय, तर लिहितो.

वर उल्लेख झालेल्या तिन्ही विमानांत पीटी६ए हेच इंजिन आहे. या कुळातलं इंजिन पहिल्यांदा १९६१ मध्ये उडालं आणि आजही बनतंय. कोडिअ‍ॅकमध्ये पीटी६ए-३४, ७५० अश्वशक्ती. ग्रँड कॅरव्हॅनमध्ये आधी ६७५ अश्वशक्तीचं पीटी६ए-११४ए, नंतरच्या ईएक्स आवृत्तीमध्ये ८६७ अश्वशक्तीचं पीटी६ए-१४०. सगळ्यांत एक गोष्ट सारखी, जी पिस्टनवरून येणाऱ्याने आधी डोक्यात बसवायला हवी. या इंजिनात दोन वेगळे दांडे आहेत. एकावर कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारी टर्बाइन. दुसऱ्यावर पॉवर टर्बाइन, ती गिअरमधून पंखा फिरवते. दोघांमध्ये लोखंडाचा काहीही संबंध नाही, मध्ये फक्त गरम वायू आहे.

त्यामुळे काय होतं? पॉवर लीव्हर पुढे केला की आधी इंधन वाढतं, मग कॉम्प्रेसरचा दांडा वेग घेतो, मग वायूचा जोर वाढतो आणि मग पंख्याला टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. आयडलवरून (इंजिन नुसतं चालू असतं त्या किमान ताकदीवरून) पूर्ण ताकद यायला काही सेकंद जातात. फ्लोटचं विमान हवेत आधीच खूप अडतं. त्यात लीव्हर आयडलला ओढला की सपाट झालेला पंखा स्वतःच ब्रेक होतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. त्या क्षणी जाग येऊन लीव्हर पुढे ढकलला तर ताकद येईपर्यंत पाणी आलेलं असतं. म्हणून थोडा टॉर्क ठेवूनच उतरायचं, शेवटपर्यंत.

कॅरव्हॅनमध्ये इंधनाच्या कंडिशन लीव्हरला लो आयडल आणि हाय आयडल अशा दोन जागा आहेत. लो आयडलला कॉम्प्रेसर साधारण ५२ टक्क्यांवर, हाय आयडलला ६५ टक्क्यांवर. १०० टक्के म्हणजे मिनिटाला ३७,५०० फेरे, यावरून आतल्या वेगाची कल्पना येईल. हाय आयडलवर ताकद लवकर येते, पण पाण्यावर हळू जायचं असेल तर तोच आयडल नको तेवढा ढकलतो. उतरताना हाय, टेकून वेग उतरला की लो.

सुरू करताना घाई नको. स्टार्टर लावा, कॉम्प्रेसर १२ टक्क्यांच्या वर स्थिर होऊ द्या, मगच कंडिशन लीव्हर पुढे करून इंधन द्या. आधी दिलंत तर हवा कमी, इंधन जास्त आणि तापमानाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे. सिममध्ये इंजिन सहसा जळत नाही, पण चांगल्या मॉडेलमध्ये हा काटा खराखुरा चढतो. तो बघत बसण्यात मला आजही मजा येते.

रानवारा

वाचतोय. गिअरबॉक्स, रिव्हर्स आणि बीटाबद्दल लिहाच. पाण्यावर ब्रेक नसतो, मग थांबायचं कसं हा मला नेहमी पडणारा प्रश्न.

गिअरबॉक्स

तेच लिहायला परत आलो.

पाण्यावर ब्रेक नाही आणि पीटी६चा आयडलसुद्धा विमानाला पुढे सरकवत राहतो. पिस्टनचं फ्लोट विमान धक्क्याजवळ इंजिन बंद करून तरंगत आणतात. टर्बोप्रॉपमध्ये त्याहून चांगली सोय आहे. पॉवर लीव्हर आयडलच्या खाली ओढला की आपण बीटामध्ये येतो. तिथे लीव्हर थेट पंख्याच्या पात्यांचा कोन ठरवतो. थोडा ओढला की पाती सपाट, जोर जवळपास शून्य. आणखी ओढला की कोन उलटा आणि विमान मागे ढकललं जातं. म्हणजे त्या एका लीव्हरवर पुढे, जागेवर, मागे असं तिन्ही करता येतं. हे हवेत कधीही करायचं नाही, सिममध्येसुद्धा.

दुसरी सोय फेदरची. प्रॉप लीव्हर पूर्ण मागे घेतला की पाती हवेला कड दाखवतात. इंजिन चालू आहे, पंखा हळूहळू फिरतोय, पण जोर नगण्य. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब जातो आणि पंखा आपोआप फेदरला जातो. धक्क्यावर उभ्या पीटी६ विमानांची पाती तशी कडेवर वळलेली दिसतात ती यामुळेच. धक्क्यावरून निघताना प्रॉप लीव्हर फेदरला ठेवून इंजिन सुरू करा. काटे स्थिर होईपर्यंत विमान फारसं हलत नाही. मग दोर सुटले असं मनात धरायचं आणि प्रॉप लीव्हर पुढे.

कवडसा

माझ्या थ्रॉटलला आयडलची खाच नाही. एकच सरळ घसरपट्टी. बीटा कसा मिळवायचा?

तिरपा

हे हार्डवेअरचं काम, माझ्याकडे सोपवा.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये थ्रॉटल अक्षाच्या दोन नेमणुका आहेत. एक ० ते १००, दुसरी उणे १०० ते १००. दुसरी घेतली तर घसरपट्टीच्या बरोबर मध्यावर आयडल येतो आणि खालच्या अर्ध्यात रिव्हर्स. तोटा असा की पुढच्या ताकदीला अर्धीच लांबी उरते आणि टॉर्क बारीक लावणं कठीण जातं. माझ्या मते खाच नसेल तर ० ते १०० ठेवा आणि रिव्हर्ससाठी एक बटण नेमा, धरून ठेवलं तरच चालेल असं. एक्स-प्लेनमध्ये बीटा आणि रिव्हर्स चालू-बंद करण्याच्या वेगळ्या आज्ञा आहेत, त्यांनाही बटण देता येतं. मध्यावर आयडल ठेवायचाच असेल तर घसरपट्टीच्या कडेला कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावा, बोटाला उंचवटा जाणवतो. उतरताना नजर बाहेर असते, आयडल बोटाला समजला पाहिजे.

वॉटर रडरलाही स्वतंत्र बटण द्या. फ्लोटच्या मागच्या टोकाला असलेली ही छोटी सुकाणं हळू चालताना खाली, उडताना आणि उतरताना वर. खाली राहिली तर वेगात खऱ्या विमानात ती मोडतात. चाकं आणि वॉटर रडर यांची बटणं शेजारी ठेवू नका, ही कळकळीची विनंती.

आणि पेडल असतील तर जमिनीवरही फायदा. या फ्लोटची पुढची चाकं मोकळी फिरणारी असतात, त्यांना सुकाणू नसतं. धावपट्टीवर वळायचं ते डाव्या-उजव्या ब्रेकने. एकच ब्रेक बटण असेल तर टॅक्सी-वेवर कॅरव्हॅन वळवणं जिकिरीचं होतं.

नवखी

नमस्कार, मी या प्रकारात नवीन आहे. फ्लोटवरची कॅरव्हॅन घेतली, हवामानात वारा शून्य ठेवला की सोपं जाईल असं वाटलं. प्रत्येक वेळी एक तर खूप वर असतानाच नाक उचलते आणि विमान आपटतं, नाही तर काही कळायच्या आत पाणी येतं. वाऱ्याशिवाय तर सोपं असायला हवं ना?

पाणलोट

नवखी, वारा शून्य ठेवून तुम्ही नकळत सगळ्यात अवघड पाणी निवडलंत. वारा नसला की पाण्याचा आरसा होतो. त्यात आकाश दिसतं, ढग दिसतात, पाण्याचा पृष्ठभाग मात्र दिसत नाही. खरे, हजारो तास उडालेले वैमानिकसुद्धा अशा पाण्यावर उंचीचा अंदाज डोळ्यांनी घेत नाहीत, कारण तो घेता येत नाही. घरच्या सपाट पडद्यावर तर खोली मुळातच नसते आणि डोळ्यांच्या कडांना जे दिसायला हवं ते पडद्याबाहेर राहतं. तेव्हा दोष तुमच्या हाताचा नाही.

यावर ठरलेली पद्धत आहे. अशा पाण्यावर नाक उचलून अलगद टेकवायला जायचंच नाही. विमान आधीच टेकण्याच्या बेतात बसवायचं आणि पाणी येईपर्यंत तसंच उडत राहायचं. काठाला समांतर या, काठ खिडकीतून दिसत राहील इतक्या जवळून. झाडं, खडक, घरं यांच्यावरून उंची समजते. साधारण २०० फुटांवर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) लागलेले, वेग ठरलेला, नाक किंचित वर. आता टॉर्क असा लावा की उतरण्याचा दर मिनिटाला १५० फुटांच्या पुढे जाणार नाही. तो जमला की हात स्थिर. नाक हलवायचं नाही. दर वाढला तर टॉर्क चिमूटभर वाढवायचा आणि वाट बघायची, कारण गिअरबॉक्सने सांगितल्याप्रमाणे ताकद उशिरा येते. टेकल्याचं फ्लोटच्या आवाजावरून आणि वेगाच्या काट्यावरून कळतं. तेव्हाच लीव्हर आयडलला.

याला पाणी किती लागतं ते मोजा. २०० फूट, मिनिटाला १५०, म्हणजे ८० सेकंद. ८० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) तेवढ्या वेळात पावणेदोन सागरी मैलांहून जास्त, म्हणजे ३.३ किलोमीटर अंतर कापलं जातं. शिवाय टेकल्यावरचं धावणं. छोट्या तळ्यात ही पद्धत बसत नाही. सरावासाठी लांबच लांब सरोवर निवडा.

आणि शिकेपर्यंत ५ ते ८ नॉट वारा ठेवा. पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या की डोळ्यांना पकडायला काहीतरी मिळतं.

रानवारा

इथे मात्र मी असहमत. सिममध्ये रेडिओ अल्टिमीटर असलेलं विमान घेता येतं, तो शेवटचे फूट मोजून सांगतो. नाही तर व्हीआर चष्मा घ्या, खोली दिसते. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

पाणलोट

रानवारा, चष्म्याने खोली दिसते ती जवळच्या वस्तूंची. कॉकपिटमध्ये त्याचा फार उपयोग होतो, धक्क्याला लागताना तर फारच. पण दोन डोळ्यांमधल्या अंतरावरून कळणारी खोली काही मीटरांपर्यंतच भरवशाची असते. त्यापुढे मेंदूला पोत, आकार, हलणाऱ्या खुणा लागतात. आरशासारख्या पाण्यावर त्याच नसतात. रेडिओ अल्टिमीटरबद्दल मी अडून बसणार नाही, विमानात असेल तर वापरावा. मात्र त्याच्याकडे बघत शेवटच्या २० फुटांत नाक उचलायला गेलात तर नजर आत, हात हलते आणि इंजिन आळसावलेलं, असं सगळं एकदम जुळून येतं. विमान आधी बसवून ठेवा आणि तो आकडा फक्त खातरजमेसाठी वापरा, एवढंच माझं म्हणणं.

रानवारा

हे पटलं. काट्याला सोबत म्हणून ठेवतो.

नावाडी

मी होडी चालवतो, सिम नंतर आलं. त्यामुळे पाण्याबद्दल थोडं.

पाण्यावर उतरण्याआधी एक फेरी मारून ते वाचा. खाली वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक नसतो, पण पाणी सगळं सांगतं. वाऱ्याच्या दिशेने पृष्ठभागावर लांब रेघा उमटतात. रेघांवरून वाऱ्याची ओळ कळते, बाजू कळत नाही. बाजू कळते काठावरून. ज्या काठावरून वारा येतो त्या काठाला लागून शांत, गुळगुळीत पाण्याचा पट्टा असतो. समोरच्या काठावर लाटा आपटतात. नांगरलेल्या होड्यांचं तोंड वाऱ्याकडे असतं. लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसायला लागला की वारा ७ ते १० नॉट, सगळीकडे दिसला की ११ च्या पुढे. हे बोफर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या, मापातलं आहे आणि हवामानाचं चित्रण चांगलं असलेल्या सिममध्ये बऱ्यापैकी जुळतं. एक्स-प्लेन १२ मध्ये वाऱ्याप्रमाणे लाटा उठतात आणि फ्लोटला त्या जाणवतातही. काही सिममध्ये मात्र लाट नुसती दिसते, विमान सपाट पृष्ठभागावर असल्यासारखं चालतं. तुमच्याकडचं कुठलं ते १५ नॉट वाऱ्यात एकदा तरंगत थांबून बघा.

आता वळणं. तरंगणारं विमान स्वतःहून वाऱ्याकडे तोंड करतं, कारण शेपटीचा उभा पंख मागे आहे आणि वारा तोच ढकलतो. वारा चांगला असेल तर वॉटर रडर खाली असूनही विमान वाऱ्याकडे पाठ करायला तयार होत नाही. नवीन माणूस अशा वेळी ताकद वाढवतो, वेग वाढतो, वळण अर्ध्यात सुटतं आणि बाहेरचा फ्लोट पाण्यात रुततो. त्यापेक्षा वाऱ्याशी भांडूच नका. वॉटर रडर वर घ्या, पंखा फेदरला घाला आणि विमानाला मागे वाहू द्या. शेपटीचं रडर आणि पंखांवरचे, विमान कलतं करणारे एलरॉन शिडासारखे वापरून मागे जाण्याची दिशा बरीच वळवता येते. फ्लॅप खाली केले की शीड आणखी मोठं. मागे मागे जात धक्क्याला लागणं हा सिममधला माझा सर्वात आवडता खेळ आहे, हवेत उडण्याहूनही.

नवखी

पाणलोट, काठाला समांतर येऊन बघितलं. फार फरक पडला! आता उडतानाची अडचण. पाण्यावरून वेग घेताना विमान पुढेमागे डुलायला लागतं आणि डुलणं वाढतच जातं.

नावाडी

त्याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. आधी उड्डाणाचा क्रम सांगतो, त्यातच उत्तर आहे.

वॉटर रडर वर, फ्लॅप लावा, योक (नाक वर-खाली करणारा हातातला दांडा) पूर्ण पोटाशी. पॉवर लीव्हर सावकाश पण न थांबता पुढे, टॉर्क आणि तापमान मर्यादेत. नाक वर उठतं आणि पुढचं काही दिसत नाही. या टप्प्यात विमान पाणी नांगरतंय, अडथळा सर्वात जास्त इथेच, आणि उडणारं पाणी पंख्याच्या पात्यांना मारतं, म्हणून इथे रेंगाळायचं नाही. थोड्या वेळाने नाक आणखी एकदा उठेल. तेव्हा योक हळूहळू सैल करा. फ्लोटच्या तळाला मधोमध एक पायरी असते, पाणी तिथून सुटतं आणि विमान त्या पायरीवर चढून घसरायला लागतं. अडथळा एकदम कमी, वेग भराभर वाढतो. आता नाक एका ठराविक कोनात धरून ठेवायचं. तो कोन जेमतेम एक-दोन अंशांच्या पट्ट्यातला आहे. नाक त्याहून खाली गेलं की फ्लोटचं पुढचं टोक पाण्याला लागतं, पाणी त्याला उचलून फेकतं, मग ते परत आपटतं. तुमचं डुलणं ते हेच. बहुतेक वेळा पायरीवर चढल्याच्या आनंदात योक जास्त पुढे गेलेला असतो.

सुरू झालंच तर योक जरासा मागे घ्या आणि धरून ठेवा. डुलण्याच्या मागे धावत योक पुढे-मागे करू नका, त्याने ते वाढतं. दोन झोक्यांत थांबलं नाही तर पॉवर आयडलला, योक पोटाशी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आरशासारख्या पाण्यात विमान सुटायला वेळ लावतं, पाणी फ्लोटला चिकटल्यासारखं वाटतं. तेव्हा पायरीवर असताना एलरॉनने एक फ्लोट आधी उचला. अडथळा निम्मा होतो आणि दुसरा लगेच सुटतो.

तिरपा

नावाडी यांचा हा प्रतिसाद जपून ठेवला. सिममध्ये भर एवढीच : योकच्या अक्षाला मध्याजवळ किंचित मऊ वळण द्या. ते एक-दोन अंश धरायला खूप मदत होते.

कवडसा

सरावासाठी जागा सुचवा ना. शक्यतो धावपट्टी आणि पाणी शेजारी.

गिअरबॉक्स

अलास्कात अँकरेजचं लेक हूड. तिथे सरोवरात पाण्याच्या धावपट्ट्या आहेत, बाजूला खडीची धावपट्टी आहे आणि पलीकडे मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ. पाच मिनिटांत निळे-हिरवे दोन्ही दिवे वापरावे लागतात. दुसरं, मालदीवचं वेलाना. डांबरी धावपट्टी समुद्राला लागून आणि शेजारी ट्विन ऑटर विमानांचा पाण्यावरचा तळ. तिथली विमानं बहुतेक नुसत्या फ्लोटवरची, पण सिममध्ये आपण उभयचर घेऊन दोन्हीकडे उतरू शकतो.

हात बसला की टिटिकाका सरोवर, ३,८१२ मीटर. काटा ६५ नॉट दाखवेल तेव्हा पाण्यावरचा खरा वेग ७९ च्या आसपास असतो. वेग सव्वापटीच्या जवळ म्हणजे विमानात साठलेली ऊर्जा जवळपास दीडपट, आणि विरळ हवेमुळे टॉर्कच्या आधी तापमानाची मर्यादा गाठली जाते. इंधन अर्धं घेऊन जा.

आणि मोठं काही हवं असेल तर कॅनडाएर सीएल-४१५. आग विझवणारं दोन टर्बोप्रॉपचं उभयचर. पाण्यावरून घसरत १२ सेकंदांत ६,१३७ लिटर पाणी पोटात घेतं. म्हणजे सहा टनांनी वजन वाढतं, आणि तेही पायरीवर असताना. वर नावाडींनी सांगितलेला तो कोन त्या १२ सेकंदांत धरून दाखवणं ही खरी परीक्षा.

नवखी

उभयचर फ्लोट आणि साधे फ्लोट, दोन्ही प्रकार सिममध्ये दिसतात. चाकं असलेले नेहमीच चांगले ना?

पाणलोट

वजनाची किंमत मोजावी लागते. चाकं, त्यांची हायड्रॉलिक यंत्रणा, सगळं मिळून उभयचर फ्लोट काहीशे पौंडांनी जड असतात. तेवढा माल किंवा तेवढं इंधन कमी. ज्यांना धावपट्टी लागतच नाही ते साधे फ्लोट वापरतात आणि चाकांची चिंता मुळातच मिटते.

पण उभयचराची एक खास मजा साध्या फ्लोटला नाही. तरंगत असतानाच चाकं खाली सोडायची आणि उतरत्या रॅम्पवरून सरळ जमिनीवर चढायचं. सिममध्ये काठ बऱ्याच ठिकाणी भिंतीसारखा उभा असतो, तेव्हा आधी वरून फिरून उथळ उताराची जागा शोधा. रॅम्पला काटकोनात या, हळू. हिरवे दिवे लागलेत ना ते बघा. पुढची चाकं टेकली की नाक उठतं, तेव्हा पॉवर वाढवावी लागते, आणि वर पोहोचताच बीटामध्ये यावं लागतं, नाही तर विमान पळत सुटतं. परत पाण्यात जाताना उतारावर ब्रेक धरून उतरा, पूर्ण तरंगलात की लगेच चाकं वर, मग वॉटर रडर खाली. रॅम्पवरून पाण्यात आलेलं विमान चाकं खालीच ठेवून उडायला निघतं असं सहज होऊ शकतं. तिथे पॉवर लीव्हरला हात लावण्याआधी पुन्हा एकदा मोठ्याने : पाणी, चाकं वर, सगळे निळे.

नवखी

लेक हूडजवळ असा रॅम्प आहे का ते आज रात्री शोधते. सापडला तर जागा इथे टाकते.